अँटवर्पला गेलेले सहा जण

मैदान इतकं लहान होतं की शंभर यार्डांची शर्यतसुद्धा सरळ पळणं शक्य नव्हतं. धावणाऱ्यांना मध्येच वळण घ्यावं लागणार होतं. जमीन उंचसखल, गवतावर रोलर फिरलेला नाही, आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी राहावी म्हणून दोऱ्या बांधायच्या असतात हे संयोजकांच्या ध्यानीमनीही नाही. पळणं म्हणजे पळणं, त्यात शास्त्र ते काय! साल १९१९, ठिकाण पुणे, संयोजक डेक्कन जिमखाना. अध्यक्ष म्हणून आलेले सर दोराबजी टाटा केंब्रिजला शिकलेले, तिथे खेळात रमलेले गृहस्थ. पाश्चात्त्य मैदानांची शिस्त त्यांनी जवळून पाहिली होती, त्यामुळे जिमखान्याचा हा कारभार पाहून त्यांना हसावं की रडावं ते कळलं नसणार.

पण त्याच स्पर्धेत एक लांब पल्ल्याची शर्यत होती. साधारण पंचवीस मैलांची, नाव दिलेलं ‘मॅरेथॉन’, आणि धावायचं खडीच्या रस्त्यावरून. धावणारे बहुतेक शेतकऱ्यांची पोरं. पायात काही नाही, अंगावर जेमतेम कपडे, खाणं भाकरीचं. कुणी त्यांना पावलं कशी टाकायची, श्वास कसा राखायचा हे शिकवलेलं नव्हतं. त्यांनी नोंदवलेल्या वेळा पाहिल्यावर दोराबजी चमकले, कारण त्या वेळा युरोपातल्या चांगल्या धावपटूंच्या वेळांशेजारी मांडता येण्याजोग्या होत्या. दहा वर्षांनी, १९२९ साली, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हा सगळा प्रसंग सविस्तर सांगितला आहे. भारताच्या ऑलिंपिक प्रवासाची हकीकत सहसा त्या पत्रापासून सांगितली जाते, आणि ते पत्र दोराबजींचं असल्यामुळे हकीकतही दोराबजींचीच होऊन बसते. धावले मात्र दुसरेच.

डेक्कन जिमखाना १९०६ सालचा. वंगभंगाच्या विरोधात स्वदेशीची चळवळ पेटली होती त्या दिवसांतला. गोऱ्या साहेबांचे क्लब आपल्यापुरते होते. बंडोपंत भाजेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुठेच्या अलीकडे-पलीकडे पसरलेल्या पुण्यात आपली संस्था काढली. त्या काळच्या पुण्यात शरीर कमावणं हे काही नुसतं हौसेचं काम नव्हतं. खुद्द टिळकांनी कॉलेजात असताना एक अख्खं वर्ष तब्येत सुधारण्यावर घालवलं होतं, हे पुण्यात पोरासोरांनाही ठाऊक होतं. तालीम, जोर-बैठका, मल्लखांब, कुस्ती हे सगळं घरचंच. पण धावणं, उड्या, फेक हे पाश्चात्त्य धर्तीचे मैदानी खेळ जिमखान्याने नव्याने हाती घेतले होते. नवशिकेपणा त्यामुळे होता. जी माणसं कुस्तीतला बारीकातला बारीक डाव ओळखत, त्यांना शंभर यार्डांच्या शर्यतीत दोऱ्या का लागतात हे माहीत नव्हतं, एवढंच.

१९१९ च्या त्या स्पर्धेला मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड हजर होते. दोराबजींनी तिथेच विषय काढला. पुढच्या वर्षी बेल्जियममध्ये अँटवर्पला ऑलिंपिक भरणार आहे, हिंदुस्थानचा संघ तिकडे का जाऊ नये? लॉइड यांनी मदत कबूल केली. हे १९१९ साल होतं हे विसरायला नको. एप्रिलमध्ये जालियनवाला बाग घडली होती, रौलट कायद्याविरुद्ध देश उसळलेला होता. अशा वर्षात हिंदी तरुणांना साम्राज्याच्या वतीने मैदानात उतरवण्याची कल्पना एखाद्या गव्हर्नरला गोड वाटली तर त्यात नवल नाही. दोराबजींचं मन मात्र निराळ्या गोष्टीत होतं असं माझं मत आहे. जमशेटजींच्या या मुलाला पोलादाचा कारखाना उभा करताना एक सवय लागली होती: जगात जे मोजमाप चालतं त्याच मोजमापाने आपला माल मोजून घ्यायचा. त्या पोरांच्या वेळा पाहून त्यांना तेच वाटलं असावं.

मोजमापाचाच एक किस्सा या तयारीच्या दिवसांतला सांगतात. समितीची बैठक चालू होती. शंभर मीटर पळायला अँटवर्पला पात्र ठरण्यासाठी किती वेळ धरावा, असा प्रश्न निघाला. जिमखान्यातल्या एका वजनदार सभासदाने उत्तर दिलं, एक-दोन मिनिटं असेल. त्यांना समजावण्यात आलं की मिनिटांचा नाहीच, सेकंदांचाही नाही, सेकंदाच्या दहाव्या भागाचा हिशेब आहे; तेव्हा सगळे अवाक झाले. आज हा किस्सा सांगून हसणं सोपं आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पहाटे डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा सोळाशे मीटरला आपल्याला किती मिनिटं आणि वर किती सेकंद लागतात हे झोपेतून उठवलं तरी सांगेल. पण १९२० मध्ये स्टॉपवॉच ही साहेबाच्या खिशातली चीज होती. गावच्या जत्रेत पहिला कोण आला एवढंच पाहत. तो किती वेळात आला हे विचारायचं कुणाला कारणच नव्हतं.

१९२० च्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने हिंदुस्थानला सहभागाची परवानगी दिली. पुण्यात पुन्हा स्पर्धा झाल्या आणि त्यांतून संघ निवडला गेला. पैशाची जुळवाजुळव करताना दोराबजींनी स्वतःच्या खिशात हात घातला. सरकारकडूनही काही मदत मिळाली. हे सगळं झालं अवघ्या काही महिन्यांत. एखादं लग्न जुळवायलाही आपल्याकडे याहून जास्त वेळ जातो.

संघात सहा खेळाडू होते. बेळगावचे फडेप्पा चौगुले, साताऱ्याचे सदाशिव दातार आणि हुबळीचे कैकाडी हे लांब पल्ल्याचे धावपटू. बंगालचे पूर्मा बॅनर्जी कमी अंतराचे. आणि दोन पैलवान: मुंबईचे नवले, कोल्हापूरचे शिंदे. सोबत व्यवस्थापक म्हणून सोहराब भूत आणि डॉ. ए. एच. ए. फैजी. फैजी स्वतः टेनिसपटू होते. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानकडून डेव्हिस कपमध्ये खेळले. गावांची ही यादी नकाशावर मांडून पाहावी. बेळगाव, सातारा, हुबळी, कोल्हापूर, मुंबई. ‘हिंदुस्थानचा संघ’ म्हणून जे गेले त्यांतले सहापैकी पाच जण मुंबई इलाखा आणि त्याला लागून असलेल्या संस्थानी मुलखातले. निवड पुण्यात झाली, म्हणून पुण्याला येणं ज्यांना जमलं ते गेले. पंजाबातला एखादा शीख धावपटू, मद्रासकडचा एखादा उड्या मारणारा या चाळणीत आलाच नाही. राष्ट्रीय संघ म्हणायला हरकत नाही, पण तो एका जिमखान्याच्या हाकेच्या अंतरावर तयार झालेला संघ होता.

यापूर्वी हिंदुस्थानच्या नावावर ऑलिंपिक पदकं नव्हती असं नाही. १९०० साली पॅरिसला कलकत्त्याचा नॉर्मन प्रिचर्ड दोन रौप्यपदकं जिंकून गेला होता. पण त्याला कुणी पाठवलं नव्हतं. तो युरोपात होता, धावला, जिंकला. निवड करून, खर्च करून, व्यवस्थापक देऊन पाठवलेला पहिला संघ हाच.

जूनमध्ये मंडळी मुंबईहून बोटीने निघाली. सुएझमार्गे इंग्लंड, तिथे काही आठवडे सराव, आणि मग बेल्जियम, असा बेत होता. ज्यांनी तोवर खडीच्या रस्त्यावर आणि तांबड्या मातीत घाम गाळला त्यांना आता लंडनच्या मैदानावर, थंड हवेत, वेगळ्या खाण्यावर दिवस काढायचे होते. काही आठवड्यांत माणसाचं शरीर नव्या हवेला जेमतेम रुळतं. तेवढ्यात नवं तंत्र अंगात मुरवायचं हा हिशेब पहिल्यापासून चुकीचा होता. कैकाडी आणि दातार यांच्या वाट्याला पुढे जे आलं त्याचं मूळ मला तरी या आठवड्यांत दिसतं.

ही माणसं परमुलखात सराव करत असताना घरी काय झालं? १ ऑगस्ट १९२० च्या पहाटे मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले. त्याच दिवशी गांधीजींच्या असहकाराला प्रारंभ झाला. गिरगाव चौपाटीवर माणसांचा समुद्र लोटला. पुणे, सातारा, बेळगाव, कोल्हापूर, ज्या ज्या गावांतून हे खेळाडू आले होते ती सगळी गावं त्या आठवड्यात सुतकात होती. तेव्हा मराठी माणसाचं लक्ष अँटवर्पकडे असण्याची शक्यता शून्य. भारताच्या पहिल्या ऑलिंपिक संघाकडे देशाने पाठ फिरवली असं म्हणतात ते मला अन्यायाचं वाटतं. टिळक गेलेल्या महिन्यात कुणाला शर्यतीची बातमी वाचवली असती?

अँटवर्पही त्या वर्षी सुतकातलंच शहर होतं. चार वर्षं जर्मनांच्या ताब्यात राहिलेल्या बेल्जियमला ऑलिंपिकचा मान मिळाला तो पहिल्या महायुद्धात सोसलेल्या हालांची दखल म्हणून. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, तुर्कस्तान यांना बोलावणं नव्हतं. पाचर पाचर जुळवून मैदान उभं केलेलं, वारंवार पडणाऱ्या पावसाने धावपट्टी जड झालेली. हिंदी माणूस मात्र त्या मुलखाला नवा नव्हता. सहाच वर्षांपूर्वी, १९१४ च्या हिवाळ्यात, लाहोर आणि मीरत डिव्हिजनचे शिपाई फ्लँडर्सच्या चिखलात लढले होते. खुदादाद खान यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच बेल्जियममधल्या होलेबेकच्या लढाईत. लष्करी पोशाखाशिवाय, स्वतःच्या नावाने हिंदी तरुण तिथे आले ते मात्र १९२० मध्ये.

१४ ऑगस्टला उद्घाटन झालं. पाच वर्तुळांचा ऑलिंपिक ध्वज या स्पर्धेत पहिल्यांदा फडकला. खेळाडूंच्या वतीने शपथ घेण्याची प्रथाही इथूनच सुरू झाली; ती घेतली बेल्जियमच्या व्हिक्टर बोइन यांनी. हिंदुस्थानच्या पथकाच्या पुढे होते बॅनर्जी. तिरंगा अजून जन्मायचा होता, देश पारतंत्र्यात होता, तरी नामफलकावर नाव मात्र देशाचंच होतं.

बॅनर्जींची कामगिरी थोडक्यात सांगण्यासारखी. ते शंभर आणि चारशे मीटर धावले आणि दोन्हींत पहिल्याच फेरीत बाद झाले. जड पट्टीवर, अमेरिकेच्या आणि इंग्लंडच्या तयार धावपटूंसमोर यापेक्षा वेगळं घडलं असतं तरच आश्चर्य. कैकाडींनाही काही हाती लागलं नाही.

२२ ऑगस्टला मॅरेथॉन होती. इथे जरा थांबायला हवं.

अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती. आज जे ४२.१९५ किलोमीटर अंतर पक्कं ठरलेलं आहे, त्याहून अर्ध्या किलोमीटरने जास्त. ऑलिंपिकच्या इतिहासात एवढी लांब मॅरेथॉन दुसरी झालेली नाही. हवा गार, आभाळ भरलेलं. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन जिंकला, २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंदांत. त्याच्या मागोमाग तेरा सेकंदांच्या आत इस्टोनियाचा युरी लॉसमान आला. तिसरा आलेला इटलीचा व्हालेरिओ आरी इतका खुशीत होता की रेषा ओलांडल्यावर त्याने कोलांट्या मारल्या. बेचाळीस किलोमीटर धावून झाल्यावर!

सदाशिव दातार शर्यत पुरी करू शकले नाहीत. फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले. त्यांची वेळ २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंद.

एकोणिसावा म्हटलं की आपल्याकडे माणूस पान उलटतो. पण हा आकडा जरा उलगडून पाहा. चौगुल्यांनी दर किलोमीटर सरासरी चार मिनिटांच्या किंचित आत राखला, आणि तोही सलग पावणेतीन तासांच्या वर. जगज्जेत्या कोलेहमाइनेनच्या मागे ते अठरा मिनिटं होते. हा कोलेहमाइनेन म्हणजे १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं घेतलेला माणूस, अमेरिकेत राहून वर्षानुवर्षं शर्यती धावलेला. त्याच्या समोर बेळगावचा एक तरुण, ज्याच्या गावात मॅरेथॉन हा शब्द ऐकलेलेही मोजकेच असतील, जगातल्या पहिल्या वीस धावपटूंमध्ये बसला. आजही आपल्या जिल्हा मॅरेथॉनमध्ये दोन तास पन्नास मिनिटांची वेळ नोंदवणारा हौशी धावपटू छाती काढून फिरतो. त्याच्या पायात हजारो रुपयांचे बूट असतात आणि मनगटावर घड्याळ त्याला दर किलोमीटरला वेग सांगत असतं. चौगुल्यांच्या मागे होती ती पुण्याच्या खडीच्या रस्त्यावरची तालीम आणि लंडनचे ते काही आठवडे.

चौगुले आणि दातार दोघेही त्याच मातीतले, त्याच निवडीतून आलेले. एक एकोणिसावा, दुसरा अर्ध्यात थांबलेला. लांब पल्ल्याच्या शर्यतीत असं होतं. पाय चालतो तोवर चालतो. दातारांना त्यासाठी कमी लेखायचं कारण नाही.

आता कुस्ती. आणि इथे मात्र मला हळहळ वाटते.

अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयाच्या सभागृहात कुस्तीचे सामने झाले. हा तपशील ऐकून कोल्हापूरचा माणूस हसेल, पण तसंच होतं. मुष्टियुद्धही तिथेच झालं. हिंदुस्थानातल्या कुस्तीची कीर्ती युरोपला नवी नव्हती. दहा वर्षांपूर्वी, १९१० साली, लंडनला गामा पैलवानाने झबिस्कोला भिडून ‘जॉन बुल’ पट्टा मिळवला होता. झबिस्कोसारखा धिप्पाड मल्ल अडीच तासांहून जास्त वेळ गादीला पोटाने चिकटून पडून राहिला आणि दुसऱ्या कुस्तीला फिरकलाच नाही. पण गामा ऑलिंपिकला जाऊ शकत नव्हता. ऑलिंपिक हौशी खेळाडूंसाठी होतं. ज्याने बक्षिसाचा पैसा घेतला त्याला दार बंद. आपल्याकडे मोठा पैलवान म्हणजे इनामाची कुस्ती मारणारा, संस्थानिकाच्या खुराकावर वाढलेला. म्हणजे जे नामांकित मल्ल होते ते नियमानेच बाद झाले. उरले त्यांतून नवले आणि शिंदे निवडले गेले.

त्यातही शिंदे कोल्हापूरचे. छत्रपती शाहू महाराजांनी रोमचं कोलोझियम पाहून आल्यावर १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं होतं. कुस्ती त्या शहराच्या रक्तात होती. पण खासबागेतली कुस्ती तांबड्या मातीतली. पाय मातीत रुततात, अंगाला माती लावली की पकड बसते, आणि पाठ जमिनीला टेकली की कुस्ती निकाली. तोवर घड्याळाकडे कुणी पाहत नाही. अँटवर्पला गादी होती, वेळेचं बंधन होतं, पंचांचा निर्णय होता, आणि ‘कॅच अ‍ॅज कॅच कॅन’ नावाची एक पद्धत होती ज्यात पायाची पकड चाले पण बाकीचे नियम निराळे. मातीतल्या पैलवानाला गादीवर उभं करणं म्हणजे त्याचे निम्मे डाव आधीच काढून घेणं.

मुंबईचे नवले मिडलवेट गटात उतरले आणि पहिल्याच फेरीत अमेरिकेच्या चार्ल्स जॉन्सनकडून हरले. जॉन्सनने पुढे कांस्यपदक घेतलं. म्हणजे नवल्यांना पहिलाच प्रतिस्पर्धी पदकविजेता मिळाला. नशिबाचा भाग.

शिंदे फेदरवेट गटात, साठ किलोच्या आतले. त्यांनी ब्रिटनच्या हेन्री इनमनला हरवलं. ही एवढी एक गोष्ट नीट वाचली पाहिजे: ऑलिंपिकच्या कुस्तीत हिंदी मल्लाने मिळवलेला हा पहिला विजय, आणि तोही ज्या साम्राज्याच्या छायेखाली संघ आला होता त्याच साम्राज्याच्या मल्लावर. पुढच्या फेरीत अमेरिकेच्या सॅम गर्सनने त्यांना हरवलं. गर्सन पुढे रौप्यपदक घेऊन गेला. मग कांस्यपदकासाठीची कुस्ती. समोर पुन्हा ब्रिटिश, फिलिप बर्नार्ड. ती कुस्ती शिंदे हरले. चौथा क्रमांक.

एक कुस्ती जिंकली असती तर भारताचं पहिलं वैयक्तिक कुस्तीपदक १९२० साली कोल्हापूरला आलं असतं. त्यांच्या आडनावाला परदेशी नोंदींत शेवटी एक ‘स’ चिकटला आणि ते ‘शिंदेस’ झाले. कित्येक याद्यांत ते आजही तसेच आहेत. कोल्हापुरात नामवंत मल्लांची नावं पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जातात. त्या नावांत शिंदे सहसा नसतात.

संघ परत आला तेव्हा हाती पदक नव्हतं. दोराबजींच्या मनात मात्र एक गोष्ट पक्की झाली: पुण्याच्या एका जिमखान्याच्या बळावर देशाचा संघ पाठवता येणार नाही. ते त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद झाले होते. आशिया खंडात तेव्हा असे सभासद बोटांवर मोजण्याइतकेच. ख्रिस्ती तरुणांच्या वाय.एम.सी.ए. या संस्थेचे शारीरिक शिक्षणाचे तज्ज्ञ हाताशी घेऊन त्यांनी प्रांताप्रांतांत काम सुरू केलं. १९२४ च्या फेब्रुवारीत दिल्लीला अखिल भारतीय ऑलिंपिक स्पर्धा भरल्या आणि त्यांतून पॅरिसचा संघ निघाला. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी ते पद पतियाळाच्या महाराजांकडे, भूपिंदरसिंगांकडे गेलं.

इथे गोष्टीचा भूगोल बदलला. मैदानी खेळांचा आणि संघनिवडीचा केंद्रबिंदू पुण्याहून उठून पंजाबकडे सरकला. याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पंजाबात पैसा होता, मैदानं होती, लष्करभरतीमुळे तब्येतींची जोपासना होती, आणि १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅमपासून हॉकीने सुवर्ण आणायला सुरुवात केल्यावर सगळ्या देशाचं लक्ष तिकडेच लागलं. ज्या मुलखाने १९२० मध्ये सहापैकी पाच खेळाडू दिले त्याचा ऑलिंपिकशी संबंध हळूहळू कुस्तीपुरता उरला. मधे १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन हुतूतू आणि इतर देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं करून आलं. तो एक वेगळाच, अभिमानाचा प्रसंग. पण ती प्रात्यक्षिकं होती, स्पर्धा नव्हे.

कुस्तीत मात्र १९२० ची गोष्ट पुन्हा घडली, जवळजवळ तशीच. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला म्हणून कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव जाऊ शकले. मातीत वाढलेला हा पैलवान तिथे गादीवर उभा राहिला आणि तरीही फ्लायवेटमध्ये सहावा आला. १९२० मध्ये शिंद्यांसमोर जी गादी होती तीच अठ्ठावीस वर्षांनी खाशाबांसमोर होती, आणि तेवढ्या काळात कोल्हापुरात गादी आली नव्हती. चार वर्षांनी हेलसिंकीसाठी निवडीच्या वेळी आपल्यावर अन्याय झाला असं खाशाबांना वाटलं, तेव्हा दाद मागायची तर कुठे? भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंग. खाशाबांनी त्यांच्याकडे धाव घेतली, पुन्हा कुस्ती लावून घेतली, प्रतिस्पर्ध्याला चीत केलं आणि संघात जागा मिळवली. प्रवासाच्या पैशासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकलं. १९२० मध्ये टाटांनी खिशात हात घातला होता. १९५२ मध्ये एका प्राध्यापकाला घालावा लागला. स्वतंत्र देशाची पाच वर्षं झाली होती.

खाशाबा बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून पुढे गेले, जपानच्या इशीकडून हरले, आणि त्यानंतर नियमाप्रमाणे मिळायला हवी होती ती विश्रांती न मिळता त्यांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढावं लागलं. २३ जुलै १९५२ रोजी त्यांना कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गोळेश्वरात शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हा भाग मराठी वाचकाला तोंडपाठ आहे.

त्याच हेलसिंकीत, खाशाबांच्याच बरोबर गेलेले आणखी एक कोल्हापूरकर होते, केशव माणगावे. गट फेदरवेट, म्हणजे शिंद्यांचाच. अमेरिकेच्या जोसाया हेन्सनने त्यांना हरवून कांस्यपदक नेलं, आणि माणगावे चौथे आले. बैलगाड्यांच्या मिरवणुकीची आठवण सांगताना त्यांचं नाव कुणी घेत नाही.